जवाचा घाट

कोरियाच्या डोंगरांवर मार्चअखेर रानफुलांचा गुलाबी रंग चढू लागतो, एप्रिलमध्ये चेरी बहरते आणि मे महिन्यात खाचरांच्या कडेनं सगळं हिरवंगार होतं. कवींनी या ऋतूचं कौतुक करावं यात नवल नाही. पण 1960 पर्यंतच्या कोरियन शेतकऱ्याला विचारलं असतं, की वर्षातला सर्वांत वाईट काळ कोणता, तर त्यानं कडाक्याच्या हिवाळ्याचं नाव घेतलं नसतं. त्यानं एप्रिल-मे सांगितले असते. गेल्या शरदातला तांदूळ संपलेला आणि नवे जव अजून शेतात हिरवेच, अशा या मधल्या काळाला तिथे 'बोरित्कोगे', म्हणजे जवाचा घाट, म्हणत. दरवर्षी प्रत्येक गरीब घराला तो चढून उतरावा लागे. ज्यांना जमत नसे ती माणसं, बहुतेक म्हातारी आणि तान्ही, त्या घाटातच राहत.

दक्षिण कोरियाच्या प्रगतीची गोष्ट सहसा जहाजं, मोटारी आणि मायक्रोचिप यांच्या भाषेत सांगितली जाते. या प्रकरणात ती एका ऋतूच्या बाजूनं पाहू. साऱ्या देशाला वर्षातले दोन महिने उपाशी ठेवणारा वसंत अवघ्या वीस-पंचवीस वर्षांत सहलीचा ऋतू कसा झाला?

दोन पिकांमधली फट

आधी पिकांचं वेळापत्रक पाहायला हवं. कोरियात भाताचा तरवा एप्रिल-मेमध्ये टाकतात, लावणी मेअखेर ते जूनमध्ये होते आणि कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. दक्षिणेकडच्या प्रांतांत भात निघाल्यावर त्याच खाचरात जव पेरायचे. ते थंडीत जमिनीला चिकटून तग धरत आणि जूनच्या सुरुवातीला कापणीला येत. म्हणजे ऑक्टोबरात घरात आलेला तांदूळ जूनपर्यंत, आठ महिने, पुरवायचा. अगदी लहान शेतकऱ्याचा हिशेब इथेच कोलमडे. कुळानं निम्मं पीक जमीनदाराला द्यायचं, वर कर आणि जुनी देणी. कापणीच्या महिन्यात घर भरलेलं दिसे, पण त्या धान्यावर आधीच कुणाकुणाचं नाव लिहिलेलं असे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कणगीचा तळ दिसू लागे.

त्यात पुन्हा वसंत हा विश्रांतीचा काळ नव्हता. नांगरणी, तरवा, बांधबंदिस्ती, लावणीची तयारी ही सगळी अंगमेहनत याच दिवसांत. पोट रिकामं आणि काम सर्वांत जास्त, असा हा विचित्र मेळ होता. बायका-मुलं डोंगर धुंडाळत. दवण्याच्या कुळातली 'सुक' नावाची रानभाजी, कुडझूच्या वेलीची मुळं, पाइनच्या खोडाची आतली कोवळी साल असं जे मिळेल ते आणायचं आणि मूठभर धान्यात शिजवून त्याची पातळ पेज करायची. पाइनच्या सालीनं पोट भरल्यासारखं वाटे, पण ती पचायला महाकठीण. बद्धकोष्ठतेनं माणसं हैराण होत.

फट भरून काढायचा रूढ मार्ग म्हणजे उसनं धान्य. वसंतात एक पोतं घेतलं तर शरदात दीड पोतं परत करायचं. आपल्याकडे दिढीनं धान्य देत, तोच हा व्यवहार. सहा महिन्यांत पन्नास टक्के व्याज. ते फेडलं की पुढच्या वसंतात कणगी आणखी लवकर रिकामी होणार हे ठरलेलंच. वसंताची भूक अशी दरवर्षी स्वतःचीच पेरणी करत असे.

राज्यकर्त्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. प्राचीन गोगुर्यो राज्याच्या राजानं इसवी सन 194 मध्येच वसंतात सरकारी कोठारातून धान्य उसनं देऊन हिवाळ्याच्या तोंडावर परत घेण्याची पद्धत सुरू केल्याची नोंद आहे. पुढे जोसन राजवटीत या कर्जाची देशभर यंत्रणा उभी राहिली. पण एकोणिसाव्या शतकापर्यंत तिचं रूप पार बदललं. अधिकारी नको असलेल्यांच्या गळ्यातही धान्य मारत, त्यात भूस मिसळत आणि वसुली मात्र चोख दाण्यांची करत. 1862 मध्ये जिंजू भागातले शेतकरी उठले, त्यामागच्या कारणांत ही कोठारं होती. जपानी राजवटीत, 1910 ते 1945 दरम्यान, तांदळाचं उत्पादन वाढवण्याची मोठी योजना राबवली गेली आणि उत्पादन वाढलंही. पण गुन्सानसारख्या बंदरांतून तो तांदूळ जहाजं भरभरून जपानला गेला आणि कोरियन माणसाच्या ताटात मांचुरियातून आणलेली भरड धान्यं वाढली. पीक वाढलं म्हणून भूक घटतेच असं नाही, हा धडा कोरियानं तेव्हा अंगावर झेलला.

जमीन आली, खत गेलं

1945 मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच क्षणी दुभंगला. या फाळणीचा शेतीला बसलेला फटका फारसा सांगितला जात नाही. रासायनिक खताचा प्रचंड कारखाना होता हुंगनामला, म्हणजे उत्तरेत. वीजही बरीचशी उत्तरेतून येई. 14 मे 1948 रोजी उत्तरेनं दक्षिणेचा वीजपुरवठा तोडला. भातशेतीचा बराचसा भाग दक्षिणेकडे आला, पण त्याला लागणारं खत सीमेपलीकडे राहिलं.

तरी एक मोठं काम याच काळात झालं. 1949 च्या कायद्यानं जमिनीची कमाल मर्यादा तीन हेक्टरच्या आसपास ठरली. 1950 च्या वसंतात, उत्तर आणि दक्षिण यांच्यातलं युद्ध सुरू व्हायच्या जेमतेम तीन महिने आधी, जमीनवाटपाची अंमलबजावणी सुरू झाली. कुळानं वर्षाच्या पिकाच्या दीडपट मोबदला पाच वर्षांत फेडायचा आणि जमिनीचा मालक व्हायचं. निम्म्या पिकाचा खंड संपला. पण सरासरी शेतकऱ्याकडे एक हेक्टरही जमीन नव्हती आणि खताशिवाय तिची ताकद वाढणार नव्हती. युद्धानं तीन वर्षं देश उद्ध्वस्त केला. त्यामुळे मालक झालेला शेतकरीही वसंतात उपाशीच राहिला, फरक इतकाच की आता तो स्वतःच्या जमिनीवर उपाशी होता.

1961 च्या मे महिन्यात, ऐन जवाच्या घाटात, जनरल पार्क चुंग-ही यांनी सत्ता बळकावली. ते स्वतः गरीब शेतकऱ्याच्या घरात जन्मलेले. महिन्याभरात त्यांच्या राजवटीनं गावातल्या सावकारी कर्जांवर कायदा आणला. सालीना वीस टक्क्यांहून जास्त व्याजाची कर्जं जाहीर करायची, ती सहकारी संस्थांमार्फत मिटवायची. हेतू बरोबर होता, पण सावकार बाजूला झाल्यावर मेमध्ये पोतंभर धान्य देणार कोण? सहकारी संस्थांकडे तेवढा पैसा नव्हता. खाजगी उसनवारी काही काळ आटली, गरज आटली नाही, आणि सावकारी मागच्या दारानं परतली. कर्जाचा दर कायद्यानं उतरवता येतो. कर्ज घ्यायला लावणारी परिस्थिती मात्र दुसऱ्या कशानं तरी बदलावी लागते.

महिन्याचा पगार

ती बदलण्याचं पहिलं मोठं काम शेतीबाहेर झालं.

1950 च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेचा जास्तीचा गहू मदत म्हणून कोरियात येऊ लागला. या पिठानं शहरातली भूक भागली आणि धान्याचे भावही खाली राहिले. शेतकऱ्याला त्याचा तोटा झाला. पण स्वस्त अन्नामुळे कारखान्यांना कमी पगारावर माणसं मिळाली. 1963 च्या सप्टेंबरमध्ये साम्यांग कंपनीनं जपानी तंत्रज्ञान आणून झटपट शिजणाऱ्या शेवयांचं, रामयनचं, पहिलं पाकीट 10 वॉनला बाजारात आणलं. कंपनीच्या संस्थापकांनी सोलच्या बाजारात लष्करी छावण्यांतल्या उष्ट्याखरकट्याच्या पेजेसाठी लागलेल्या रांगा पाहिल्या होत्या. कोरियन माणूस आज आवडीनं खातो त्या शेवयांची सुरुवात अशी भुकेच्या रांगेतून झाली.

1962 मध्ये पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. तेव्हा दरडोई वार्षिक उत्पन्न शंभर डॉलरच्या आत होतं. 1964 मध्ये निर्यात 10 कोटी डॉलरवर गेली, 1970 मध्ये 100 कोटींवर आणि 1977 मध्ये 1000 कोटींवर. सुरुवातीच्या निर्यातीत प्लायवूड, कापड, तयार कपडे होते आणि केसांचे टोपही. टोपांसाठी खेड्यातल्या बायकांनी आपले लांब केस कापून विकले. त्यांच्या मुली सोलच्या गुरो औद्योगिक वसाहतीत आणि शिवणकामाच्या दाटीवाटीच्या खोल्यांत राबायला गेल्या. 1960 मध्ये सुमारे 24 लाख वस्तीचं सोल 1970 मध्ये सुमारे 55 लाखांचं झालं.

या मुलींचे पगार तुटपुंजे होते, कामाचे तास अमानुष होते. नोव्हेंबर 1970 मध्ये जॉन ते-इल या तरुण शिंप्यानं कामगार कायदे पाळले जावेत म्हणून सोलच्या बाजारात स्वतःला पेटवून घेतलं. तोवर या खोल्यांमधली परिस्थिती देशानं पाहिलीच नव्हती. पण त्या तुटपुंज्या पगाराचा एक गुण असा होता, की तो दर महिन्याला येई. भाताला ऋतू असतो, पगाराला नसतो. थोरलीनं मार्चमध्ये पाठवलेल्या पैशांतून गावात मे महिन्याचं धान्य विकत घेता आलं, दिढीनं उसनं आणावं लागलं नाही. घाटातून माणसं पार होऊ लागली ती आधी या मनीऑर्डरींच्या आधारानं. खाचरात तोवर फारसं काही बदललं नव्हतं.

प्लॅस्टिकच्या कागदाखालचा तरवा

खाचर बदललं 1970 च्या दशकात. सोल राष्ट्रीय विद्यापीठातले हो मुन-ह्वे 1964 मध्ये फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गेले. कोरियाचा चिकट, आखूड दाण्याचा भात आणि उष्ण कटिबंधातला बुटका, भरघोस भात यांचा संकर करायचा तर अडचण अशी, की या दोन कुळांची संतती बहुतेकदा वांझ निघे. त्यांनी तीन वाणांचा संकर केला. जपानच्या थंड होक्काइदो बेटावरचं 'युकारा', तैवानचं 'तायचुंग नेटिव्ह 1' आणि संस्थेचं गाजलेलं 'आयआर 8'. यातलं तैवानी वाण आपल्याला अगदीच परकं नाही. 1968 मध्ये भारतात प्रसारित झालेल्या आणि गोव्यात अजून लावल्या जाणाऱ्या 'जया' भाताचं ते एक मूळ आहे. कोरियात या संकराला 'थोंगिल' हे नाव मिळालं. वेळ वाचावा म्हणून हिवाळ्यात फिलिपाइन्समध्ये बियाणं वाढवून ते वसंतातल्या पेरणीसाठी कोरियात आणलं गेलं आणि 1972 मध्ये थोंगिल देशभर पसरवण्यात आलं.

उत्पन्न जुन्या वाणांपेक्षा साधारण तीस टक्क्यांनी जास्त. पण बरंचसं रक्त उष्ण प्रदेशाचं असल्यामुळे त्याला थंडी सोसत नसे. एप्रिलच्या गार रात्रीत तरवा जगवायचा कसा? तरव्यावर बांबूच्या कमानी रोवून त्यावर प्लॅस्टिकचा कागद पसरायचा हा त्यावरचा उपाय. कोरियाच्या शेतात वसंत आता या पांढऱ्या बोगद्यांनी ओळखू येऊ लागला. प्लॅस्टिक, खत, कीटकनाशक हे सगळं लागणार, आणि ते पुरवायला एव्हाना देशात कारखाने उभे होते. 1961 मध्ये चुंगजूला पहिला मोठा खत कारखाना सुरू झाला होता, 1972 मध्ये उल्सानचा पेट्रोरसायन प्रकल्प. शेती आधी की उद्योग आधी, हा वाद कोरियाच्या खाचरात निरर्थक ठरतो. तरव्यावरचा कागदच कारखान्यातून आला होता.

जोडीला भावाचं धोरण बदललं. 1960 च्या दशकाच्या अखेरीस सरकारनं शेतकऱ्याकडून चढ्या भावानं धान्य घेऊन शहरात स्वस्त विकायला सुरुवात केली. मधली तूट सरकारी तिजोरीनं सोसली आणि त्याचा काही भार महागाईच्या रूपानं सगळ्यांवर पडला. 1974 च्या सुमारास शेतकरी कुटुंबाचं सरासरी उत्पन्न शहरी कामगार कुटुंबाच्या पुढे गेलं. शहरात त्याच वेळी तांदूळ जपून वापरण्याची सक्ती होती. आठवड्यातले ठरावीक दिवस खानावळींत भात बंद असे, आणि शाळेत गुरुजी मुलांचे डबे उघडून भातात पुरेसे जव मिसळलेत का ते पाहत. तांदळाची मक्कॉली, म्हणजे गावठी पांढरी दारू, गाळायला बंदी होती. 1977 मध्ये हेक्टरी सरासरी 4.94 टन तांदूळ निघाला, तो तेव्हाचा जागतिक उच्चांक होता. एकूण पीक सुमारे 60 लाख टन झालं, आणि त्याच वर्षी मक्कॉलीवरची बंदी उठली.

सिमेंटची पोती आणि हिरवे डोंगर

22 एप्रिल 1970 रोजी पार्क यांनी प्रांतप्रमुखांच्या बैठकीत गावसुधारणेची कल्पना मांडली. तिला 'सेमाउल', म्हणजे नवं गाव, हे नाव मिळालं. सुरुवात झाली ती शिल्लक मालापासून. कारखान्यांत सिमेंट पडून होतं, म्हणून देशातल्या 33 हजारांवर गावांना प्रत्येकी 335 पोती देण्यात आली. सार्वजनिक कामाला वापरा, वाटून घेऊ नका, एवढीच अट. काही गावांनी रस्ते, पूल, विहिरी बांधल्या, काहींनी पोती वाया घालवली. पुढच्या वर्षी चांगलं काम केलेल्या 16 हजारांवर गावांनाच जास्त सिमेंट आणि लोखंडी सळ्या मिळाल्या. रस्ता रुंद झाल्यावर ट्रॅक्टर आला, ट्रक आला आणि भाजी शहरात जाऊ लागली. प्लॅस्टिकच्या कागदाचे मांडव मोठे होत गेले आणि त्यात हिवाळ्यातही काकडी, मिरची पिकू लागली. ज्या मार्चमध्ये शेतकरी उसनं मागायला निघे, त्याच मार्चमध्ये त्याच्या हातात भाजीचे पैसे पडू लागले.

गवताची छपरं याच मोहिमेत गेली. त्याला थोंगिलचाही हातभार होता. या बुटक्या भाताचा पेंढा आखूड आणि ठिसूळ, त्याचा दोर वळत नसे आणि छप्पर टिकत नसे.

डोंगरांची कहाणीही ऋतूला जोडलेली आहे. सरपणासाठी आणि भुकेपोटी ओरबाडलेले कोरियाचे डोंगर 1950 च्या दशकात बोडके होते. पावसात माती खाली येऊन खाचरं भरत. घराघरांत कोळशाच्या भोकाभोकांच्या वड्या जळू लागल्या तेव्हा झाडांवरचा भार हटला. या वड्यांच्या विषारी वायूनं मात्र बंद खोल्यांत अनेक बळी घेतले. 5 एप्रिल हा झाडं लावण्याचा दिवस, आणि कित्येक वर्षं ती सार्वजनिक सुट्टी होती. 1973 मध्ये आखलेली दहा वर्षांची वनीकरण योजना 1978 मध्येच पूर्ण झाली. पाइनची साल खावी लागत नाही अशा देशातच पाइन वाढू शकतो.

किंमत आणि पुढचं वळण

यातलं काहीही गोडीगुलाबीनं झालं नाही. 1972 पासून पार्क यांची सत्ता उघड हुकूमशाही झाली. थोंगिल लावायचं उद्दिष्ट वरून खाली उतरे आणि ते पूर्ण करायला अधिकारी दुसऱ्या वाणांचे तरवे मोडून टाकत. भात चवीला निकृष्ट होता, लोक तो नाइलाजानं खात. सगळ्या देशात एकाच कुळातलं बियाणं लावण्याचा धोका 1978 मध्ये दिसला, तेव्हा करपा रोगानं थोंगिलचं पीक झोडपलं. 1980 मध्ये उन्हाळा थंड गेला आणि तांदळाचं उत्पादन सुमारे 35 लाख टनांवर कोसळलं. शेतकऱ्यांनी हळूहळू पाठ फिरवली आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला थोंगिल शेतांतून हद्दपार झालं.

पण 1980 च्या त्या आपत्तीनंतरच्या वसंतात काय झालं हे महत्त्वाचं आहे. वीस वर्षांपूर्वी असं साल माणसं गिळून गेलं असतं. आता निर्यातीतून कमावलेलं परकीय चलन आणि उसनवारीची पत होती. सरकारनं परदेशातून प्रचंड तांदूळ आणला आणि जवाचा घाट परतला नाही. थोंगिल फसलं तरी देश उपाशी राहिला नाही, कारण तोवर भुकेविरुद्धचा बंदोबस्त एकट्या थोंगिलवर उभा नव्हता. सीमेच्या उत्तरेला, तशाच डोंगरांत आणि त्याच ऋतूत, 1990 च्या दशकात भीषण दुष्काळ पडला. तिथे कारखाने होते, सिंचन होतं, पण बाहेरचं खत-तेल थांबल्यावर धान्य आणायला ना चलन होतं ना पत.

दक्षिणेत वसंत आता दुसऱ्याच कामाला लागला आहे. सोलच्या योइदो बेटावर, जिथे संसद आणि शेअर बाजार उभे राहिले, तिथे एप्रिलमध्ये चेरी पाहायला तोबा गर्दी होते. 1970 मध्ये कोरियन माणूस वर्षाला 136 किलो तांदूळ खात असे, 2023 मध्ये जेमतेम 56 किलो. सरकारची चिंता आता उरलेल्या तांदळाचं करायचं काय ही आहे. सरकारनं 2012 पासून जवाची खरेदीही थांबवली. गोचांग जिल्ह्यात मात्र हिरवे जव मुद्दाम राखतात. दर वसंतात तिथे जवाच्या शेताचा उत्सव भरतो, आणि ज्यांच्या आजी-आजोबांनी याच हिरव्या ओंब्यांकडे भुकेल्या डोळ्यांनी पाहिलं ती नातवंडं तिथे फोटो काढतात.

या साऱ्यातून एक मोजमाप हाती लागतं. दरडोई उत्पन्नाचा आकडा वर्षाचा असतो आणि वर्षाची सरासरी ऑक्टोबरची कणगी मेच्या रिकाम्या भांड्यात मिसळून टाकते. जपानी राजवटीत उत्पादनाचे आकडे चढत होते तेव्हाही मे महिना तसाच होता. कोरियाची प्रगती खरी ठरली ती सर्वांत गरीब घराचा सर्वांत वाईट महिना सुसह्य झाला तेव्हा, आणि ते एका उपायानं झालं नाही. खंड गेल्यानं ऑक्टोबरातलं धान्य घरात राहिलं, मुलीच्या पगारानं मार्च सावरला, भाजीच्या मांडवानं हिवाळ्यात पैसे आणले, थोंगिलनं कणगी वाढवली, आणि पीक बुडालं त्या साली निर्यातीच्या डॉलरनी ती भरली. कुठल्याही देशाच्या विकासदराचा आकडा वाचताना म्हणूनच एक प्रश्न सोबत विचारावा: तिथला सर्वांत अवघड महिना कोणता, आणि त्या महिन्यात गरीब घर उसनं मागायला कोणाच्या दारी जातं? त्याचं उत्तर बदललं असेल तरच आकडा बदलला असं म्हणायचं.